नळ, मीठ, हवा आणि वीज: उपनगरातील प्रवाळ-टाकीच्या पाण्याचे दोष

समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात मासे, कोळंबीच्या कुळातले लहान प्राणी, समुद्रफुले आणि प्रवाळ एकत्र सांभाळणारी काचेची टाकी अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये आता फारशी नवलाची राहिलेली नाही. तिच्या पाण्याविषयीचे लिखित ज्ञान मात्र बहुतांशी थंड देशांतील घरांत तयार झालेले आहे. यात थोडा विरोधाभास आहे, कारण जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची पद्धत १९६१ साली जगापुढे मांडली ती जकार्ताच्या ली चिन एंग यांनी, म्हणजे उष्ण कटिबंधातल्याच एका हौशी माणसाने. पुढे जर्मनीत स्किमरवर, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणाऱ्या यंत्रावर, भर देणारी पद्धत रूढ झाली, मोनॅकोत झां झोबेर यांनी वाळूच्या जाड थराचा उपयोग दाखवला, आणि या शास्त्राचे केंद्र समशीतोष्ण प्रदेशात सरकले. तिथे ठरलेले आकडे मुंबईतही लागू पडतात, कारण ते मुळात समुद्राचेच आहेत: तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारता हजारी ३५ भाग, सामू ८.० ते ८.४, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास, नायट्रेट दहाच्या आत, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, आणि अमोनिया मोजता न येण्याइतका. यांत अल्कता ही आणखी एक राशी धरावी लागते. पाण्यातील बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांची आम्ल पचवण्याची ही क्षमता जर्मन अंशांत, म्हणजे डीकेएचमध्ये, मोजतात आणि ती ७ ते ९ असावी असे मानले जाते. हे आकडे कोणीही पाठ करू शकतो. ते का ढळतात याची उत्तरे मात्र घराघरांत वेगळी असतात, आणि उपनगरातील टाकीच्या बाबतीत ती बहुधा काचेच्या बाहेर सापडतात: नळात, मिठाच्या पिशवीत, खोलीच्या हवेत, विजेच्या तारेत आणि चालू ऋतूत.

कोणत्या टाकीविषयी बोलायचे हे आधी कायद्याने ठरवून ठेवले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला, त्यामुळे त्यांना वाघाइतकेच संरक्षण मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी प्रजातींनाही कायद्याच्या कक्षेत आणले. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या अठरा प्रवाळ-वसाहती २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवाव्या लागल्या, आणि त्यासाठी महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. जे महापालिकेला सुटले नाही ते दिवाणखान्यातल्या टाकीला सुटण्याचे कारण नाही. या आढाव्यात म्हणूनच मृदू प्रवाळ, झोअँथिड, मशरूम प्रवाळ आणि समुद्रफुले यांची टाकी गृहीत धरली आहे. हा केवळ कायद्याचा तपशील नाही. त्यामुळे निदानाची दिशाच बदलते. परदेशी पुस्तकांत अल्कता उतरली की प्रवाळ सांगाडा बांधत आहेत असे आनंदाने समजले जाते आणि अल्कता भरून काढणाऱ्या सोड्याची मात्रा वाढवली जाते. सांगाडा न बांधणाऱ्या प्राण्यांच्या टाकीत तीच घट वेगळे काही सांगत असते.

काय सांगत असते हे गणिताने शोधता येते. कॅल्शियम कार्बोनेट तयार होते तेव्हा, मग ते गुलाबी शैवालाने केलेले असो, गोगलगाईने केलेले असो की हीटरच्या काचेवर आपोआप साचलेले असो, अल्कतेच्या २.८ डीकेएच घटीमागे कॅल्शियम सुमारे २० पीपीएमने उतरते. उलट, न खाल्लेले अन्न आणि विष्ठा कुजून त्यातील नायट्रोजनचे जिवाणूंकडून नायट्रेट होते तेव्हा आम्ल तयार होते, आणि नायट्रेट ५० पीपीएमने वाढले तर अल्कता सुमारे २.३ डीकेएचने घटते, पण कॅल्शियम जागेवर राहते. म्हणजे अल्कतेबरोबर कॅल्शियम उतरले की नायट्रेट चढले, हे पाहिल्याशिवाय सोड्याची मात्रा वाढवणे हे रोग न ओळखता औषध देण्यासारखे आहे. एक अडचण राहते: घरगुती टेस्ट किटमध्ये कॅल्शियमचे वाचन दहा-वीस पीपीएम इकडेतिकडे होतेच, त्यामुळे दोन दिवसांच्या फरकावरून निष्कर्ष न काढता तीन-चार आठवड्यांच्या नोंदी ओळीने मांडाव्या लागतात. नोंदवही नसलेल्या टाकीचे निदान जवळजवळ अशक्य असते, आणि बहुतेक टाक्यांना ती नसते.

पाणी येते कुठून, हा पुढचा प्रश्न. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वर्सोवा, मार्वे किंवा गोराईच्या किनाऱ्यावरचे पाणी उपयोगाचे नाही. त्यात गाळ असतो, खाड्यांमधून सांडपाणी मिसळते, आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते. म्हणून नळाचे पाणी शुद्ध करून त्यात तयार मीठ मिसळणे हाच रूढ मार्ग आहे. मुंबईचे पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून येते. ही खोरी बसाल्ट खडकाची असल्याने पाणी मृदू असते, आणि भांडुपच्या संकुलात तुरटीसारखी द्रव्ये वापरून गाळ बसवल्यावर क्लोरीन देऊन ते सोडले जाते. राजस्थान किंवा चेन्नईच्या हौशी माणसाला हेवा वाटावा असे हे पाणी आहे, पण ते टाकीपर्यंत येते ते सोसायटीच्या जमिनीखालील टाकीतून आणि गच्चीवरच्या टाकीतून. उन्हाळ्यात टँकर मागवला गेला, बोअरवेलचे पाणी त्याच टाकीत सोडले गेले किंवा टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली गेली, तर सूचना फलकावर कागद लागतो तो पाणी कधी बंद राहील एवढे सांगणारा. टीडीएस मीटर, म्हणजे विद्राव्य क्षारांचे प्रमाण विद्युतवाहकतेवरून दाखवणारे छोटे उपकरण, रोज नळाखाली धरले तर यांतले टँकर-बोअरवेलचे बदल त्याच दिवशी कळतात.

स्वयंपाकघरातला आरओ येथे पुरत नाही. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून अशा अनेक यंत्रांत न गाळलेले थोडे पाणी पुन्हा मिसळले जाते किंवा खनिजांची नळकांडी बसवलेली असते. प्रवाळ-टाकीला त्याच्या नेमके उलट, म्हणजे शून्याजवळ टीडीएस असलेले पाणी लागते, आणि त्यासाठी आरओच्या पुढे आयन बदलणाऱ्या रेझिनचा टप्पा जोडावा लागतो. सुटे आरओ यंत्र भिंतीवर बसवणाऱ्यांना वरच्या मजल्यावर दुसरा अडथळा येतो. आरओच्या पडद्यातून पाणी नीट गाळले जाण्यासाठी चौरस सेंटिमीटरला चारेक किलोचा दाब लागतो, आणि गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला दहा मीटर उंचीमागे एक किलो दाब मिळतो. म्हणजे शेवटच्या मजल्यावर तो अर्धा किलोही नसतो. कमी दाबावर पाणी थेंबथेंब येते एवढेच होत नाही, पडद्यातून क्षारही जास्त निसटतात. बूस्टर पंप हा त्यावरचा सरळ उपाय आहे. क्लोरीन पडद्याला खाते, म्हणून आधीची कोळशाची गाळणी वेळेवर बदलावी लागते. यापेक्षा फसवा दोष सिलिकाचा आहे. रेझिन संपत आले की सर्वांत आधी सुटते ते सिलिका, आणि ते जवळजवळ विद्युतभाररहित असल्याने मीटर शून्यच दाखवत राहतो. काचेवर मात्र डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर दर दोन दिवसांनी येतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत हा थर अचानक परतला तर मासे किंवा दिवे यांच्याकडे पाहण्याआधी रेझिन बदलून पाहणे स्वस्त पडते.

मिठाविषयी गैरसमज जास्त आहेत. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या पूर्वेला रेल्वेतून दिसणारी मिठागरे पाहून तेच मीठ का चालू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मिठागरात समुद्राचे पाणी आटताना त्यातील घटक एकदम न बसता क्रमाने बसतात: आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम, मग साधे मीठ, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात. गोळा केला जातो तो मधला भाग. तो पुन्हा पाण्यात विरघळवला तर खारट पाणी होते, समुद्र होत नाही. ॲक्वेरियमसाठीच्या तयार मिठात ही सर्व द्रव्ये मोजून घातलेली असतात, पण त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची क्लोराइडे हवेतला ओलावा ओढतात. जूनमध्ये उघडलेली पिशवी जुलैत सादळते. सादळलेल्या मिठाच्या वजनात पाणी असते, त्यामुळे नेहमीचे माप घालूनही क्षारता कमी भरते, आणि गुठळ्यांच्या आत कॅल्शियम व कार्बोनेट एकमेकांशी जुळून बसल्याने मिसळलेले पाणी दुधट राहते व अल्कता कमी मोजते. पावसाळ्यात पाणी बदलल्यानंतर टाकी बिघडते, अशी तक्रार अनेकदा या पिशवीपाशी येऊन थांबते. क्षारता मोजण्याच्या रिफ्रॅक्टोमीटरची पारख शुद्ध पाण्याच्या शून्यावर न करता ३५ च्या प्रमाण द्रावणावर करावी, हे अनुभवी लोक सांगतात ते योग्यच आहे. शून्यावर बरोबर असलेले उपकरण ३५ वर दोन-तीन अंकांनी चुकू शकते.

नव्या टाकीतील अमोनियाचा प्रश्न पुस्तकांतून इतका चघळला गेला आहे की येथे थोडक्यात पुरे. अमोनियाचा विषारी भाग सामू आणि तापमान यांबरोबर वाढतो; ८.२ सामू व २५ अंशांवर एकूण अमोनियाच्या सुमारे ६ ते ७ टक्के भाग विषारी रूपात असतो, तो ३० अंशांवर ९ टक्क्यांच्या जवळ जातो. मे महिन्यात टाकी सुरू करणाऱ्याला म्हणून चुकीला वाव कमी असतो. नायट्राइटची भीती मात्र गोड्या पाण्याच्या छंदातून आलेली आहे, कारण समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड त्याला माशाच्या कल्ल्यांत शिरू देत नाही. कठीण प्रवाळ मृत असले तरी कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे अनेक टाक्यांत सिमेंटपासून घडवलेले कृत्रिम खडक असतात. ते पुरेसे आठवडे पाण्यात मुरवले नसतील तर त्यांतून चुना सुटत राहतो आणि सामू ९ च्या दिशेने चढतो. त्या सामूवर थोडासा अमोनियाही घातक ठरतो, आणि दोन वेगळे दोष एकाच रात्री एकत्र येतात.

फॉस्फेट आणि नायट्रेट यांच्याबाबतीत टेस्ट किटचे शून्य दोन विरुद्ध अर्थांचे असू शकते. खडकांवर हिरवे केसाळ शैवाल माजले असेल तर ते फॉस्फेट येता येता खाऊन टाकते, म्हणून पाण्यात काही सापडत नाही; अशा टाकीत अन्न कमी करणे आणि शैवाल हाताने उपटणे हाच मार्ग आहे. शैवाल नसताना दोन्ही आकडे खरोखर शून्य असतील तर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या चिकट, बुडबुडे धरणाऱ्या तपकिरी जीवांना रान मोकळे मिळते, आणि अशा वेळी आणखी स्वच्छता केल्याने ते वाढतातच. मृदू प्रवाळांना थोडे खताळ पाणी मानवते. अतिस्वच्छतेचा आग्रह कठीण प्रवाळांच्या टाक्यांकडून उसना घेतलेला आहे, आणि लोह-ऑक्साइडचे फॉस्फेट-शोषक दाणे उपनगरातील अनेक टाक्यांत विनाकारण पडून असतात.

सामूचा प्रश्न हा खरा फ्लॅटचा प्रश्न आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम असते. खिडक्या लावून एसी सुरू केलेल्या, चार माणसे झोपलेल्या खोलीत ते पहाटेपर्यंत हजार-दीड हजाराच्या वर जाते. हा वायू पाण्यात उतरतो, कार्बॉनिक आम्ल होते, आणि अल्कता व्यवस्थित असूनही सामू ७.८ वर येतो. याची खातरजमा फुकट होते: टाकीतले ग्लासभर पाणी घ्यावे, त्याचा सामू मोजावा, हवेच्या छोट्या पंपाची नळी त्यात सोडून ग्लास तासभर गॅलरीत ठेवावा आणि पुन्हा मोजावा. बाहेरच्या हवेने सामू ८.१ किंवा ८.२ पर्यंत चढला तर दोष खोलीच्या हवेत आहे. चढला नाही तर अल्कतेचे मापन पुन्हा करावे. पहिल्या शक्यतेत बाजारातली सामू वाढवणारी पावडर घालणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण तिने अल्कता फुगते आणि वायू जिथल्या तिथे राहतो. स्किमरची हवेची नळी खिडकीच्या चौकटीतून बाहेर नेली की बहुतेक वेळा भागते. मात्र या नळीची किंमत काय पडू शकते ते पुढे येईल.

ऋतूंचा परिणाम सर्वांत कमी लिहिला गेला आहे आणि मुंबईपुरता तोच सर्वांत मोठा आहे. टाकीवर पंखा लावून पाणी थंड ठेवण्याची युक्ती बाष्पीभवनावर चालते: एक लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते, जी २०० लीटरची टाकी जवळजवळ तीन अंशांनी थंड करण्याइतकी असते. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत हे सुरेख जमते. मे महिन्याच्या दमट दुपारी, बाहेर पारा ३३-३४ अंशांवर असताना, पंखा अपुरा पडू लागतो, आणि जुलैत हवाच पाण्याने भरलेली असल्याने वाफ फारच कमी होते. पाणी ३० अंशांच्या वर दिवसेंदिवस राहिले तर प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल गमावून पांढरे पडू लागतात. शिवाय समुद्राच्या पाण्यात २५ अंशांवर लीटरमागे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो तो ३१ अंशांवर सहाच्या जवळ येतो, आणि गरज मात्र उष्णतेबरोबर वाढलेली असते. चिलर हा महागडा पण सरळ उपाय आहे. तो संपूर्ण खोली गरम करतो, हे विकत घेणाऱ्याला पहिल्या उन्हाळ्यात कळते.

याच बाष्पीभवनाशी एक छुपा दोष जोडलेला आहे. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालायची असते, कारण क्षार उडत नाहीत. ती घालणारे स्वयंचलित पंप आता सर्रास वापरात आहेत, आणि त्यांच्या डब्यात साध्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी ठेवून कॅल्शियम व अल्कता दोन्ही देण्याची जुनी जर्मन पद्धत येथेही रुळली आहे. संपृक्त निवळीचा एक लीटर २०० लीटरच्या टाकीला अर्ध्या डीकेएचहून थोडी अधिक अल्कता देतो. उन्हाळ्यात पंख्यामुळे रोज दोन लीटर पाणी उडत असेल तर टाकीला एक डीकेएचहून अधिक मिळते. पाऊस लागल्यावर रोज अर्धा लीटरच उडते आणि पुरवठा पाव हिश्शावर येतो, मालकाने कशालाही हात न लावता. चिलर बसवून पंखा काढला तरी हेच होते. ऑगस्टमध्ये उतरलेली अल्कता पाहून मिठाचा ब्रँड बदलला जातो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाफ पुन्हा वाढली की ती आपोआप सावरते व नव्या मिठाला श्रेय मिळते. निवळी बाष्पीभवनाला न जोडता वेगळ्या डोसिंग पंपाने ठरावीक मात्रेत देणे, हा येथल्या हवामानाला साजेसा बदल आहे.

वीज गेल्यावर टाकीत आधी संपतो तो प्राणवायू. तापमान आणि अमोनिया त्यामागून येतात. मुंबईला अखंड विजेची सवय असल्याने तयारी क्वचितच असते. २६ जुलै २००५ च्या पुरात, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, उपनगरांतील अनेक भाग दीर्घकाळ अंधारात होते, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोसळून महानगराचा मोठा भाग एकाच वेळी बंद पडला. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा छोटा पंप हा या संपूर्ण छंदातील बहुधा सर्वांत स्वस्त विमा आहे. इन्व्हर्टर असेल तर त्यावर चिलर न जोडता पाणी फिरवणारा एकच पंप जोडावा, म्हणजे तो तासन्‌तास चालतो.

शेवटचा वर्ग ज्या दोषांचा, ते कोणत्याही टेस्ट किटमध्ये दिसत नाहीत. स्किमर तासाला शेकडो लीटर हवा पाण्यात घुसळतो, म्हणून खोलीत किंवा खिडकीबाहेर जे हवेत असेल ते टाकीत येते. पावसाळ्यात डासांसाठी गल्लीतून होणाऱ्या धूरफवारणीत आणि घरातल्या प्लगमधल्या डासनाशकात बहुधा पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये असतात, जी माणसाला सहन होतात पण कोळंबी, खेकडे आणि मासे यांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. सामूसाठी खिडकीबाहेर काढलेली नळी अशा संध्याकाळी धूर थेट आत ओढते. दिवाळीपूर्वीचा रंग, झुरळांचे पेस्ट कंट्रोल आणि लादी पुसायचे फिनेल हे याच यादीतले. आधी कोळंब्या उलट्या पडतात, मग गोगलगाई काच सोडतात, स्किमरचा फेस एकाएकी बसतो किंवा कपाबाहेर वाहू लागतो, आणि सर्व आकडे व्यवस्थित असतात. त्या वेळी टेस्ट किट उघडण्यात घालवलेला अर्धा तास वाया जातो. हवेची नळी ताबडतोब काढून स्किमर बंद करावा, बॅटरीचा हवापंप दूरच्या, स्वच्छ हवेच्या खोलीतून नळी आणून चालवावा, ताज्या कोळशाची पिशवी प्रवाहात टाकावी, आणि आधीच मिसळून झाकून ठेवलेले पाणी असेल तर टाकीचा निदान तिसरा हिस्सा बदलावा. तसे पाणी तयार नसेल तर त्या रात्री मीठ विरघळून तापमान जुळेपर्यंत कोळशावरच भिस्त ठेवावी लागते.